आडवी मेढ

आमच्या घराच्या मेढी तीन. दोन घराच्या मधोमध उभ्या आहेत, आढं पेलून. तिसरी स्वयंपाकाच्या खोपीमागे आडवी पडलेली. इफिलेले झाडाचं काळसर लाकूड, चार माणसांनी जोर लावला तरी हलत नाही आणि कुजायचं नाव घेत नाही. कोंबड्या तिच्या आडोशाला अंडी घालतात. शाळेतून येणारी मुलं तिच्यावरून हात पसरून, तोल सांभाळत चालतात. गावानं तिला नाव ठेवलं आहे, लेलाचा हट्ट.

लेला म्हणजे माझी आत्या. पूर्ण नाव आवेओलेला. बाबांपेक्षा मोठी. लग्न होऊन बेटाच्या पलीकडच्या अंगाला गेली, नवरा होडी घेऊन माशांमागे गेला तो आलाच नाही, तेव्हा एक पेटी आणि एक जुनी मऊ चटई घेऊन ती माहेरी परतली. तिच्या परतण्याबद्दल कोणी काही बोललं नाही. बोलायचं नसतंच. बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातलं बुबुळ, असं आमच्याकडे म्हणतात. बुबुळाला कोणी बोट लावत नाही.

लोक जी गोष्ट सांगतात ती अशी की, मासोए मिस्त्रींनी रोवलेली चांगली, सरळ मेढ लेलानं हट्टापायी उपटायला लावली आणि भावानं तो हट्ट पुरवला. पाहुणे आले, आव्याची, मुळीच्या त्या कडू पेयाची, वाटी फिरली की मागोमाग ही गोष्टही फिरते. आत्या होती तोवर ती गोष्ट सुरू झाली की उठायची, खोपीमागे जायची आणि त्याच लाकडावर बसून राहायची. मी लहानपणी समजायचे की तिला राग येतो. तो राग नव्हता.

उरलेली गोष्ट तिनं मला बाबा गेल्यानंतर सांगितली. आम्ही दोघी त्या लाकडावर बसून केवड्याच्या पानांचे काटे काढत होतो. आता मासोए मिस्त्री नाहीत, त्यांचा पुतण्या इओपू ऑकलंडला जाऊन बसगाड्या चालवायला लागला त्यालाही खूप काळ लोटला, आणि त्या घराण्यात लाकूड तासायची वाकस हातात धरणारं कोणी उरलेलं नाही. आत्याही नाही. म्हणून लिहिते आहे.

*

बाबांना ओलोमुआ ही पदवी मिळाली तेव्हा आमच्याकडे गोल घर नव्हतं. कुळाचा प्रमुख आणि त्याला पाठ टेकायला खांब नाही, हे बरं दिसत नाही. बाबा मानाची चटई घेऊन मासोए मिस्त्रींकडे गेले, त्यांनी चटई ठेवून घेतली आणि काही दिवसांनी ते आपली माणसं, बायकापोरं आणि हत्यारांच्या टोपल्या घेऊन आमच्या अंगणात राहायला आले.

कारागिरांची मजुरी ठरत नाही. सुरुवातीला एक चटई, घर उभं राहिल्यावर अनेक, आणि मधल्या काळात जेवण. घराला खरं उभं करतं ते जेवण. त्यात कुचराई झाली, मान राहिला नाही, तर मिस्त्री वाकस टोपलीत टाकतो आणि निघून जातो. त्यानं बांधलेल्या दोरीला मग दुसरा कुठलाही मिस्त्री हात लावत नाही. म्हणून कारागिरांच्या जेवणावर घरातलं सगळ्यात जबाबदार माणूस लागतं. बाबांनी ते काम बहिणीवर सोपवलं.

आत्याच्या हाताला चव होती, आणि जिभेला धार. सभेत कुळाच्या वतीनं बोलणाऱ्या गावातल्या एका वक्त्याबद्दल ती म्हणायची, "तो बोलायला उभा राहिला की चटई विणायला घ्यावी. तो खाली बसेपर्यंत लेकीच्या लग्नाला होते." माझी आई, सिनिवा, तेव्हा नवी नवरी होती. ती सांगते, वन्संबरोबर भट्टीपाशी बसलं की धुरानं डोळ्यांत पाणी आलं की हसून, ते कळायचं नाही.

मासोए मिस्त्रींचं माप म्हणजे त्यांचे हात. दोरी नाही, काठी नाही. लाकूड आडवं घालायचं, मिस्त्रींनी दोन्ही हात ताणून त्याला मिठी घातल्यासारखं उभं राहायचं, एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत एक वाव. मेढीला पाच वाव. पहिली मेढ त्यांनी सगळ्या गावासमोर मोजली. छातीएवढ्या खड्ड्यात ती उतरली, चारी बाजूंनी दगड ठोकले गेले, आणि मिस्त्रींनी तिला खांद्यानं एक धक्का दिला. ती हलली नाही. लोक म्हणाले, हे हात आहेत तोवर घरं उभी राहतील.

त्यानंतर मिस्त्री आपल्या गावी गेले असताना निरफणसाच्या झाडावरून पडले. काम थांबलं. ते परत आले तेव्हा अंगानं उतरले होते, पण चालत होते, बोलत होते, जेवत होते. कोणी जास्त विचारलं नाही. दुसऱ्या मेढीचं झाड वर जंगलात होतं. ते तोडायला आणि मोजायला मिस्त्री फक्त आपल्या माणसांना घेऊन गेले. मेढ आली, तिच्या खड्ड्यात मिस्त्री स्वतः उतरले, बाकीचे दोऱ्या ओढत राहिले. दोन्ही मेढींवर आढं चढलं. काथ्याच्या दोरीचे वेढे बसले. खालून पाहिलं तर दोन्ही टोकं एका रेषेत.

आणि तिथून काम रेंगाळलं. मिस्त्री सकाळी येऊन मेढींसमोर बसायचे आणि बसूनच राहायचे. माणसं वासे तासायची, पुन्हा तासायची. डुकरं कमी होत चालली. अळकुड्यांचं शेत उघडं पडत चाललं. गावात लोक हसून विचारायला लागले, "काय ओलोमुआ, घर बांधताय की मिस्त्री पोसताय?"

त्या दुपारी कारागीर पुढच्या बाजूला जेवायला बसले होते. बायका मागे वाढून देत होत्या. आईनं विचारलं, "वन्सं, अजून अळकुड्या काढू का? टोपली संपली."

"काढ बाई, काढ," आत्या म्हणाली. "आपल्या मिस्त्रींचा हात ताटात लांब आणि कामात आखडता."

आईला हसू आवरलं नाही. तिच्या मागोमाग इतरही हसल्या. आत्या हळूच बोलली होती. पण भिंती नसलेल्या घरात हळू बोलणं असं काही नसतं.

पुढच्या बाजूला मिस्त्रींच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी तो पानावर परत ठेवला. पाण्याच्या भांड्यात बोटं बुडवली, पुसली. मग उठले, वाशावर अडकवलेली वाकस उजव्या हातानं काढली आणि टोपलीत ठेवली. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, असं आत्या म्हणायची. राग असता तर तिला कळलं असतं. तो चेहरा तिला तेव्हा वाचता आला नाही.

त्यांच्यामागे सगळे उठले. पोरांना कडेवर घेतलं, टोपल्या खांद्यावर घेतल्या. कोणी ओरडलं नाही. सूर्य समुद्राकडे कलायच्या आत अंगण रिकामं झालं. पानांवर अर्धवट जेवणं तशीच होती आणि कुत्री जवळ यायला घाबरत होती.

*

बाबा मळ्यातून आले. त्यांना वाटेतच कळलं होतं. आत्या भट्टीपाशी बसून होती. ते तिच्यासमोर बसले आणि त्यांनी हात धुतले.

"अक्का, जेवायला आहे ना काही?"

तिनं वाढलं. ते जेवले. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं होती. "छान झाली आहेत," ते म्हणाले, आणि पान गुंडाळून ठेवून उठून गेले.

"मला वाटलं, एक शिवी तरी देईल," आत्या मला म्हणाली. "काहीतरी फेकेल. परक्या कोणी असं केलं असतं तर त्यानं झोडपलं असतं. मी बहीण. त्याचं तोंड शिवलेलं. मला रोज जेवायला बसवायचा, पहिला तुकडा माझ्या पानावर ठेवायचा. पोरी, तो तुकडा गिळायला मला रोज पाणी लागायचं."

आईनं एकदा प्रयत्न केला. "वन्सं, चूक माझीही आहे. मी हसले नसते तर..."

"तू हसलीस कारण मी हसवलं," आत्या म्हणाली. "वाटा मागू नकोस."

दोन मेढी, वर आढं, आणि बाकी आभाळ. आमच्या अंगणात हे असं उभं राहिलं आणि रस्त्यानं जाणारा येणारा ते पाहत राहिला. आढ्यावर पाखरं बसायची. चर्चला जाताना लोक मुद्दाम सावकाश चालायचे. "ओलोमुआच्या घरी वारा छान येतो," असं एकजण म्हणाला, आणि ते वाक्य आत्याच्या जुन्या वाक्यांसारखंच गावभर फिरलं. आता तिला कळलं की फिरणारं वाक्य ज्याच्या अंगावर पडतं त्याला ते कसं लागतं.

बाबा तरीही रोज सकाळी पहिल्या मेढीला पाठ टेकून बसायचे. ती त्यांची जागा होती, छप्पर असो नसो. एकदा सर आली, तरी ते उठले नाहीत. आत्या खोपीतून बघत होती. त्यांच्या खांद्यावरून पाणी निथळत होतं आणि ते समोर बघत बसले होते, जणू समोर सभा भरली आहे.

शेजारच्या जिल्ह्यातून एका मिस्त्रीला बोलावून पाहिलं. तो आला, वर पाहिलं, दोरीचे वेढे ओळखले, दोन नारळांचं पाणी प्याला आणि म्हणाला, "मासोएची गाठ आहे. ती सोडायला मासोएच लागेल." चालत निघून गेला.

मग बाबांनी ठरवलं की क्षमा मागायला मासोएंच्या दारात चटईखाली बसायचं.

"मी बसते," आत्या म्हणाली. "तोंड माझं होतं."

"पदवी माझी आहे, अक्का."

"निदान बरोबर येऊ दे."

"बहीण झुकत नाही," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा जड झाला. "तू झुकलीस तर मी कुठे तोंड लपवू?"

*

जायच्या आदल्या दिवशी डुकरानं खोडी काढली.

आमची एक पांढरी डुकरीण दोरी तोडून पळाली आणि दुसऱ्या मेढीच्या बुडाशी नाकानं उकरायला लागली. आत्या काठी घेऊन धावली. डुकरीण पळाली, पण तोवर वरचे दगड बाजूला झाले होते. ते पुन्हा बसवायला आत्या गुडघ्यांवर बसली. एक दगड खोल सरकला होता, तो काढायला तिनं हात आत घातला. कोपरापर्यंत गेला आणि थांबला. सपाट फरशी लागली. आणि फरशीवर टेकलेलं मेढीचं बूड.

ती उठून पहिल्या मेढीपाशी गेली. तिथले दोन दगड काढले, हात घातला. खांद्यापर्यंत आत गेला तरी लाकूड खाली खाली जातच होतं.

ती दोन्ही मेढींच्या मधे बसली. वर टोकं एका रेषेत, खाली एकीचं मूळ छातीएवढं आणि दुसरीचं कोपराएवढं. दुसरी मेढ आखूड होती. पाच वावांत जवळजवळ चार विती आखूड.

मिस्त्रींना जेवण वाढतानाचे सगळे दिवस तिला आठवले. पडून आल्यापासून त्यांनी डावा हात ताटाबाहेर कधी नेलाच नव्हता. वाटी घ्यायची तर उजव्यानं. पोराला उचलायचं तर उजव्यानं. माशी हाकलायची तर उजव्यानं. त्यांचा डावा खांदा उघडत नव्हता. त्यांनी जंगलात मेढीला मिठी घातली तेव्हा एक हात पुरा पसरलाच नसेल, आणि त्यांना ते कळलंच नसेल, किंवा कळून सांगता आलं नसेल. ज्याचे हात हेच माप, त्यानं कोणाला सांगायचं की माप मोडलं?

म्हणून ते मेढींसमोर बसून राहायचे. वर छप्पर चढवावं तर वादळात मेढ उपटेल. मेढ काढावी तर का काढली ते सांगावं लागेल. आणि त्या बसण्यात एके दुपारी मागच्या बाजूनं बायकांच्या हसण्यासकट ऐकू आलं, मिस्त्रींचा हात आखडता.

"तोवर मला वाटत होतं, माझी जीभ घसरली," आत्या म्हणाली. "तेव्हा कळलं, ती नेमकी जिथे हाड मोडलंय तिथे पडली. त्यांना वाटलं असणार की ह्या बाईला माहीत आहे आणि ही चारचौघांत सांगते आहे. पोरी, माझ्या अंगाला त्या दिवशी जो घाम आला..."

तिनं काटे काढलेलं पान बोटावर गुंडाळलं.

पुढचं बोलताना तिचा आवाज खाली आला. एक विचार तिच्या मनात आला होता. हे गावाला सांगितलं तर आपली लाज फिटते. बोलले ते खरंच होतं, असं म्हणता येतं. भावाला चटईखाली बसावं लागत नाही. उद्याच्या उद्या सगळे हसतील ते मासोएंना. "हा विचार मी केला," ती म्हणाली. "थोडा वेळच केला, पण केला. त्याची लाज वेगळी."

मग तिनं दगड होते तसे बसवले, वरून माती दाबली आणि डुकरिणीला शोधायला गेली.

*

बाबा चटई घेऊन निघायला लागले. आत्यानं आपल्या सासरहून आणलेली, जुनी, केसासारखी मऊ चटई पुढे केली. तीच न्यायची, म्हणाली. थोडं अंतर ठेवून ती मागे चालत राहिली. बाबांनी वळून पाहिलं आणि पुढे चालू लागले.

मासोएंच्या घरासमोर बाबा खाली बसले, डोक्यावर चटई घेतली आणि मान खाली घातली. आत्या त्यांच्या मागे उघड्यावर बसली. उजाडून ऊन वर आलं. मासोएंच्या घरच्या बायका झाडलोट करून गेल्या, कोणी इकडे पाहिलं नाही. पोरांना हाकललं जात होतं, ती पुन्हा येऊन उभी राहत होती. चटईखाली बाबांचे पाय दिसत होते आणि त्यांवर माश्या बसत होत्या.

शेवटी मिस्त्री बाहेर आले. चटई उचलली म्हणजे क्षमा झाली. ते वाकले, उजव्या हातानं एक टोक धरलं आणि उचललं. पण मानाची चटई लांबरुंद असते, तिला दोन हात लागतात. डावं टोक बाबांच्या डोक्यावर अडकलं. मिस्त्रींचा डावा हात उठायला गेला आणि अर्ध्यावर थांबला.

आत्या पटकन पुढे झाली आणि तिनं ते टोक उचललं. बघणाऱ्यांना वाटलं, हिला दम निघत नाही. "बघा," कोणीतरी म्हणालं, "इथेही मध्ये मध्ये."

चटईच्या दोन टोकांना दोघं उभी. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं आणि आता तिला तो चेहरा वाचता आला.

मिस्त्री बाबांना म्हणाले, "उठा ओलोमुआ. झालं गेलं. ऊन फार आहे." इतक्या घाईनं बोलले की त्यांच्या घरच्या वक्त्याला भाषण करायलाही वेळ मिळाला नाही. आखूड मेढ आपली आणि लाज समोरच्यानं वाहिली, हे त्यांना सोसवत नव्हतं. हे दिसलं एका आत्यालाच.

सगळे घरात बसले. आवा आला. आणि आत्यानं, जिनं त्या दिवशी तोंड उघडायलाच नको होतं, तोंड उघडलं.

"मिस्त्री, एक मागणं आहे."

बाबांची पाठ ताठ झाली.

"त्या दुसऱ्या मेढीला माझा शब्द लागला. तिच्यासमोर बसून मी वाईट बोलले. ती विटाळली. ती मेढ उपटा आणि नवी घाला. नाहीतर मी त्या छपराखाली पाय ठेवणार नाही."

बसलेल्या लोकांत कुजबुज झाली. इफिलेलेचं तसं झाड शोधायला डोंगराच्या आत जावं लागतं. पुन्हा माणसं, पुन्हा डुकरं, आढं उतरवायचं, पुन्हा चढवायचं. मासोएंच्या घरचा एक म्हातारा म्हणाला, "बाई, क्षमा मागायला आलीस की नवी ऑर्डर द्यायला?" सगळे हसले.

मिस्त्री हसले नाहीत. "तुझी जीभ फार लांब आहे," ते सावकाश म्हणाले.

"आहे ना. पाच वाव," आत्या म्हणाली. "पण तुम्ही नका मोजू. एवढ्या किरकोळ कामाला मोठ्या मिस्त्रींनी कशाला हात लावायचा? इओपूला मोजू दे."

क्षमा मागायच्या बैठकीत, आव्याची वाटी मधे असताना, ही बाई थट्टा करते आहे. बाबांनी मान खाली घातली. चटईखालीही त्यांची मान एवढी खाली गेली नव्हती. आत्याला त्यांच्या मानेवरचं हाड दिसत होतं. "तेवढंच पाहिलं मी," ती म्हणाली. "मिस्त्रींकडे नंतर पाहिलं."

मिस्त्रींनी आव्याची वाटी खाली ठेवली. इओपू त्यांच्यामागे बसला होता. ते त्याच्याकडे न बघता म्हणाले, "ऐकलंस? शिकायची वेळ झाली तुझी." आणि मग बाबांना, "तुमच्या बहिणीचा शब्द आहे. मोडायचा का?"

बहिणीचा शब्द मोडता येत नाही. बाबा म्हणाले, "नाही."

*

नवी मेढ इओपूनं मोजली, गावासमोर. मिस्त्री बाजूला उजवा हात कमरेवर ठेवून उभे होते आणि "ताण, अजून ताण," म्हणत होते. शेवटच्या वावानंतर म्हणाले, "वर आणखी एक हात लाकूड राखून ठेव. तुझे हात अजून वाढायचे आहेत." लोकांना तो विनोद आवडला. मेढ छातीएवढ्या खड्ड्यात गेली.

जुनी मेढ उपटताना आत्या तिथेच उभी होती. मिस्त्रींनी आपल्या माणसांना दोऱ्यांकडे पाठवलं होतं आणि बुडाशी स्वतः थांबले होते. फरशी त्यांनी पायानं मातीत लोटली. आडव्या लाकडाची लांबी कोणी मोजली नाही. पडलेलं लाकूड कोण मोजतं? आत्या म्हणाली, "हे माझ्या खोपीमागे टाका. मला बसायला होईल." नाव तेव्हाच पडलं.

त्या वर्षी आमच्या अळकुड्या पुरल्या नाहीत. आईच्या माहेरून आणाव्या लागल्या, त्याची बोलणी आईला खावी लागली. घर झालं. शेवटच्या जेवणाच्या दिवशी आत्या गप्प राहून वाढत होती. मिस्त्रींसमोर आल्यावर तिनं वाटी नेहमीपेक्षा अलीकडे ठेवली, डाव्या मांडीला लागून, जिथे डावा हात पोचेल. त्यांनी डाव्या हातानं वाटी उचलली. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत. पुढेही त्याबद्दल कधी बोलली नाहीत.

त्यानंतर आत्यानं वाढताना विनोद केला नाही. मला आठवते ती आत्या गप्प आहे. तिची जुनी वाक्यं मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली.

*

मोठं वादळ आलं तेव्हा मी कॉलेजच्या सुट्टीत घरी होते. आम्ही चर्चच्या दगडी भिंतीआड रात्र काढली. सकाळी परत आलो तर घराचं छप्पर नव्हतं. वासे नारळाच्या बागेत पडले होते, शाकारणीची पानं रस्त्यावर. पण दोन मेढी उभ्या होत्या, आढ्यासकट. आत्या आधी दुसऱ्या मेढीपाशी गेली आणि वाकून बुडाचे दगड पाहिले. एकही हलला नव्हता.

बाबा तोवर म्हातारे झाले होते. ते येऊन पहिल्या मेढीला पाठ टेकून बसले, उघड्या आभाळाखाली. आत्या त्यांच्यासमोर बसली. मी ओल्या लाकडांवर कोको उकळत होते.

"अक्का," बाबा म्हणाले, "मेढी राहिल्या."

"राहिल्या."

त्यांनी वर आढ्याकडे पाहिलं. "त्या वेळी मी तुला काही बोललो नाही."

"नाही बोललास."

"आपल्यात बोलत नाहीत."

"माहीत आहे." मग ती म्हणाली, "बोलायला हवं होतंस रे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी घसा साफ केला, इकडे तिकडे कोणी आहे का पाहिलं, आणि बोलायला लागले. हळू आवाजात, अडखळत, जणू परकी भाषा बोलत होते. "चांगली मेढ होती ती. काय अडलं होतं तुझं? चटईखाली बसलो तेव्हा माझे पाय सुन्न झाले होते. वर तू तिथेही थट्टा केलीस. लोकांसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिनिवाच्या भावांनी अळकुड्या दिल्या, वर वर्षभर ऐकवलं. कसली बाई तू? काही लाज..." इथे ते थांबले. पुन्हा सुरू झाले. जे जे साठलं होतं ते ते बोलले.

आत्या मान खाली घालून ऐकत होती. एका शब्दानं तिनं त्यांना अडवलं नाही. एकदा फक्त, ते दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "अजून?"

"अजून," बाबा म्हणाले.

मी कोकोची भांडी घेऊन उभी होते. पुढे न्यावीत की नाही ते मला कळेना. आत्यानं न बघता हातानं खूण केली, थांब.